विद्युत तंत्रज्ञान आणि परावैद्यकीय सेवा : व्यावसायिक महाविद्यालयीन प्रशिक्षणातील समान धागा

सारांश

विद्युत तंत्रज्ञान आणि परावैद्यकीय सेवा हे दोन व्यावसायिक अभ्यासक्रम अनेक महाविद्यालयांत परस्परांशी संबंध नसलेले विभाग म्हणून चालविले जातात. प्रस्तुत लेखात विजेच्या अपघाताचे उदाहरण घेऊन या दोन्ही अभ्यासक्रमांतील समान गाभा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. दोन्ही व्यवसायांत अपुऱ्या कौशल्याची किंमत बहुधा तिसऱ्या व्यक्तीला मोजावी लागते. त्यामुळे प्रात्यक्षिकाची सत्यता व ते प्रमाणित करणाऱ्या शिक्षकाची स्वाक्षरी यांना या अभ्यासक्रमांत विशेष महत्त्व प्राप्त होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : व्यावसायिक शिक्षण, वीजतंत्री, परावैद्यकीय सेवा, प्रात्यक्षिक, शिकाऊ उमेदवारी, विद्युत सुरक्षा.

१. प्रस्तावना

व्यावसायिक अभ्यासक्रमांविषयी महाविद्यालयांत होणारी चर्चा सामान्यतः दोन प्रश्नांभोवती फिरते. विद्यार्थ्याला नोकरी मिळेल काय, हा पहिला प्रश्न. आणि तुकडीला पुरेसे प्रवेश मिळतील काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तथापि काही व्यवसायांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न त्यांच्याही आधी विचारावा लागतो, तो म्हणजे प्रशिक्षण अपुरे राहिले तर त्याचे परिणाम कोण भोगतो? टंकलेखनातील चूक खोडता येते; हिशोबातील चूक पुढच्या तपासणीत सापडते. परंतु अर्थिंगची जोडणी सैल राहिलेल्या पाण्याच्या मोटारीला महिनाभराने एखादी गृहिणी ओल्या हाताने स्पर्श करते, किंवा प्राणवायूचे सिलिंडर रिकामे असलेली रुग्णवाहिका अत्यवस्थ रुग्णाच्या दारात उभी राहते, तेव्हा ती चूक दुरुस्त करण्याची संधी उरलेली नसते.

विद्युत तंत्रज्ञान आणि परावैद्यकीय सेवा हे दोन विषय एकत्र घेण्यामागे हेच कारण आहे. वरवर पाहता एकाचा संबंध तारांशी व यंत्रांशी, तर दुसऱ्याचा मानवी शरीराशी आहे. प्रत्यक्षात विजेचा धक्का बसलेल्या माणसाजवळ हे दोन्ही व्यवसाय अवघ्या काही मिनिटांत एकमेकांना भेटतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील वार्षिक अहवालांनुसार भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडतात. त्यामुळे ही भेट अपवादात्मक मानता येणार नाही.

२. धोरणात्मक पार्श्वभूमी

कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांवरील शिक्षणाच्या व्यवसायाभिमुखतेचा आग्रह धरला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत व २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. या धोरणाच्या पाठोपाठ महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयांना जोडून किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत तांत्रिक गटाबरोबर पॅरामेडिकल गटाचाही समावेश होता. त्याच वर्षी, म्हणजे १९८६ मध्ये, शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ यात दुरुस्ती होऊन उच्च माध्यमिक व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांनाही शिकाऊ उमेदवारीची सोय उपलब्ध झाली.

पदवी स्तरावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली बी. व्होक. योजना आणली. तीत कौशल्य घटकाला साधारण ६० टक्के व सामान्य शिक्षणाला ४० टक्के भार देण्यात आला. शिवाय पहिल्या वर्षाअखेर पदविका, दुसऱ्या वर्षाअखेर प्रगत पदविका व तिसऱ्या वर्षाअखेर पदवी अशी निर्गमनाची व्यवस्था ठेवण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक शिक्षण मुख्य प्रवाहात आणण्याचा पुनरुच्चार केला.

धोरणांची ही परंपरा पाहता एक बाब लक्षात येते. व्यावसायिक शिक्षण किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे, याची उद्दिष्टे प्रत्येक वेळी आकड्यांत मांडली गेली. एका विद्यार्थ्याचा हात किती वेळ प्रत्यक्ष कामावर फिरला पाहिजे, हा प्रश्न मात्र संस्थेच्या व शिक्षकाच्या विवेकावर सोडला गेला. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

३. विजेचा धक्का : एक स्पष्टीकरण

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असतो. त्वचा ओली असल्यास मानवी शरीराचा रोध स्थूलमानाने एक हजार ओहम धरता येतो. ओहमच्या नियमानुसार अशा वेळी शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. साठ वॅटचा साधा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे दिवा पेटण्यास जेवढा प्रवाह लागतो, त्याहून कमी प्रवाह माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा ठरतो.

प्रवाह साधारण एक मिलिअँपिअर झाला की झिणझिण्या जाणवू लागतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि हातात धरलेली तार सोडता येत नाही. लोक ज्याला ‘विजेने धरून ठेवले’ असे म्हणतात, ते हेच. तीस मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह काही काळ टिकला तर श्वसन थांबण्याचा आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. हृदयाचे खालचे कप्पे तालबद्ध आकुंचन सोडून नुसते थरथरू लागतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त थांबते.

या ठिकाणी विद्युत तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक महत्त्वाचा बोध होतो. सहा अँपिअर क्षमतेचा एमसीबी २३० मिलिअँपिअर प्रवाहाने मुळीच पडणार नाही, कारण हा प्रवाह त्याच्या क्षमतेच्या सव्वीसाव्या भागाएवढा आहे. फ्यूज व एमसीबी यांचे काम तारांचे रक्षण करणे हे होय. माणसाच्या रक्षणासाठी जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखणारे, तीस मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचे आरसीसीबी लागते. तेही सर्व प्रसंगी तारत नाही. जमिनीपासून विलग असलेल्या माणसाने फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श केला, तर या उपकरणाला गळती जाणवतच नाही. ही मर्यादा न समजलेला वीजतंत्री ग्राहकाला ‘आता काही भीती नाही’ असे आश्वासन देतो आणि ते आश्वासनच धोकादायक ठरते.

परावैद्यकीय विद्यार्थ्याला याच घटनेतून वेगळा बोध होतो. थरथरणाऱ्या हृदयाला विद्युत-झटका देऊन पूर्वलयीत आणावे लागते. हा उपचार व छातीदाबन या दोहोंविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक रुग्ण वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका येईपर्यंतचा हा काळ शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतो, आणि विजेच्या कामावर तो शेजारचा माणूस बहुधा दुसरा वीजतंत्री असतो.

४. दोन विद्याशाखांची जुनी भेट

या दोन क्षेत्रांचा संबंध केवळ अपघातापुरता नाही. त्याला शास्त्रीय इतिहासही आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कोवेनहोवेन हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. वीजवाहिन्यांवर काम करणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंमुळे विजेच्या धक्क्याचा हृदयावरील परिणाम अभ्यासण्याचे काम त्यांनी १९२० च्या दशकात हाती घेतले. पुढे त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांना प्रयोगशाळेत एक गोष्ट आढळली. कुत्र्याच्या छातीवर झटका देणाऱ्या यंत्राची तबके दाबून ठेवली असता, झटका देण्यापूर्वीच रक्तदाब काहीसा वाढत होता. निकरबॉकर हेही विद्युत अभियांत्रिकीचेच विद्यार्थी होते. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह या तिघांनी १९६० साली बंद छातीवरून हृदयदाबन करण्याच्या पद्धतीविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज जगभर शिकविल्या जाणाऱ्या हृदय-श्वसन पुनरुज्जीवन पद्धतीचा, म्हणजेच सीपीआरचा, हा एक प्रमुख पाया होय. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९६९ साली कोवेनहोवेन यांना सन्माननीय वैद्यकीय पदवी दिली.

ज्या ज्ञानाचा उगम विद्युत प्रयोगशाळेत झाला, ते आपल्याकडील विद्युत विभागांत कितपत पोहोचले आहे, याची तपासणी उद्बोधक ठरते. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४४ नुसार वीजनिर्मिती केंद्रे, उपकेंद्रे व कारखाने यांत विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीला शुद्धीवर आणण्याच्या सूचना स्थानिक भाषेसह दर्शनी भागी लावणे बंधनकारक होते. कामावरील अधिकृत व्यक्तींना त्या सूचना माहीत असाव्यात आणि त्या अमलात आणण्याची क्षमता त्यांच्या अंगी असावी, अशीही अपेक्षा होती. हे नियम २०१० मध्ये व त्यानंतर २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी बदलले.

तथापि जुन्या तक्त्यांत व क्रमिक पुस्तकांत पालथे झोपवून पाठीवर दाब देण्याची शेफर पद्धत, किंवा उताणे झोपवून हात वरखाली करण्याची सिल्व्हेस्टर पद्धत आढळते. या पद्धतींत केवळ श्वसनाचा विचार आहे. थांबलेल्या रक्ताभिसरणाचा नाही. त्यामुळे एकाच महाविद्यालयाच्या एका इमारतीत विद्यार्थी शेफर पद्धत पाठ करून गुण मिळवितो आणि दुसऱ्या इमारतीत परावैद्यकीय विद्यार्थी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल छातीदाबन शिकतो. दोन विभागांतील अंतर हे असे प्रत्यक्ष दिसते.

५. विद्युत तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाचे स्वरूप

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याशिवाय तारतंत्री, उच्च माध्यमिक स्तरावरील विद्युत तंत्रज्ञान, पदविका व बी. व्होक. असे विविध स्तर उपलब्ध आहेत. परंतु प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम करण्याचा अधिकार मिळाला, असे नाही. विद्युत सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विद्युत संचमांडणीचे काम अनुज्ञप्तिधारक ठेकेदारामार्फत, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे लागते. म्हणजे महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रावर विसंबून शासनयंत्रणा पुढचा परवाना देते. पहिल्या कागदात खोट असेल तर ती दुसऱ्या कागदातही उतरते.

या प्रशिक्षणाचा गाभा मोटार गुंडाळणे किंवा पॅनेल जोडणे एवढाच नाही. काम सुरू करण्यापूर्वीचा क्रम हा त्याचा खरा गाभा आहे. पुरवठा बंद करणे. तो दुसऱ्या कोणी सुरू करू नये म्हणून कुलूप व सूचनाफलक लावणे. वाहिनी खरोखर मृत आहे याची योग्य उपकरणाने खात्री करणे. उपकरण स्वतः चालू आहे हे आधी व नंतर ज्ञात पुरवठ्यावर तपासणे. वाहिनीतील उरलेला भार जमिनीत सोडणे. आणि त्यानंतरच हात लावणे, असा हा क्रम आहे. ग्राहकाच्या इन्व्हर्टरमधून किंवा जनित्रातून उलट पुरवठा येण्याची शक्यता असल्याने ‘फ्यूज काढला आहे’ एवढे पुरेसे नसते. हा क्रम लेखी परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न असतो. खांबावर तो जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. लिहून दाखविणे व सवयीने करणे यांतील अंतर केवळ पुनरावृत्तीनेच भरून निघते.

६. परावैद्यकीय प्रशिक्षणाचे स्वरूप

परावैद्यकीय ही संज्ञा आपल्याकडे सैलपणे वापरली जाते. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ व रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ या सर्वांचा तीत समावेश केला जातो. प्रवेशाच्या वेळी पालकांना व विद्यार्थ्यांना हा भेद स्पष्ट करून सांगणे ही महाविद्यालयाची जबाबदारी होय.

२०२१ साली संसदेने संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा अधिनियम संमत केला. संबद्ध आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान दोन हजार तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेले किमान तीन हजार सहाशे तासांचे शिक्षण त्यात अपेक्षित धरले आहे. हा आकडा महाविद्यालयाच्या वेळापत्रकात मांडून पाहावा. दोन वर्षांत दोन हजार तास म्हणजे वर्षाला एक हजार. दररोज सहा तास धरले तर सुमारे १६७ पूर्ण दिवस. वर्षाकाठी १८० अध्यापन दिवस धरल्यास हाताशी फार तर तेरा दिवस शिल्लक राहतात. परीक्षा, स्नेहसंमेलन, शिबिरे व निवडणुकीची कामे यांत जाणारे दिवस कोठून भरून काढावयाचे, याचे उत्तर सत्राच्या आरंभीच द्यावे लागेल. अन्यथा ते उत्तर सत्राअखेरीस हजेरीपत्रकात लिहिले जाते.

रोजगाराविषयीही वस्तुस्थिती सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक व ७०४ प्राथमिक जीवनरक्षक प्रकारच्या होत्या. या सेवेच्या रचनेत रुग्णवाहिकेवर डॉक्टर असणे अपेक्षित होते. इतर अनेक राज्यांत मात्र याच क्रमांकाची सेवा प्रामुख्याने प्रशिक्षित आपत्कालीन तंत्रज्ञांवर उभी राहिली. त्यामुळे अन्य राज्यांतील उदाहरणे दाखवून येथील विद्यार्थ्यांना नोकरीची हमी देणे योग्य ठरणार नाही.

आपत्कालीन तंत्रज्ञाच्या शिक्षणातील पहिला धडा घटनास्थळाच्या सुरक्षिततेचा असतो. पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत रुग्णाला स्पर्श करावयाचा नाही. घरगुती दाबाच्या बाबतीत मुख्य स्विच सापडत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारता येते. अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीला मात्र हा उपाय लावू नये; तेथे जमिनीतही विद्युतदाब पसरलेला असू शकतो आणि दोन पावलांतील दाबाचा फरक माणसाला खाली पाडतो. वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याचे कळविल्याखेरीज जवळ जाऊ नये. खांबावरून पडलेल्या रुग्णाच्या मानेची व कण्याची काळजी घेणे, त्वचेवरील लहानशा भाजण्याखाली खोलवर इजा असू शकते हे जाणणे आणि शुद्धीवर आलेल्या रुग्णाच्याही हृदयलयीवर लक्ष ठेवणे, हे पुढचे धडे होत. यांतील निम्मे ज्ञान विद्युत विभागाचे आहे.

७. नोंदवही आणि स्वाक्षरी

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. चोवीस विद्यार्थ्यांची तुकडी, छातीदाबनाच्या सरावासाठी एक पुतळा आणि दोन तासांचे प्रात्यक्षिक, अशी स्थिती गृहीत धरू. एक मिनिटही वाया गेले नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. एकाच मोटार पॅनेलवर चोवीस विद्यार्थी असतील, तर तेथेही हाच हिशोब लागू होतो. चार विद्यार्थी हात लावतात, उरलेले पाहतात आणि नोंदवहीत मात्र चोवीस जणांनी प्रयोग ‘केला’ असे लिहिले जाते. सत्राअखेरीस एकसारख्या अक्षरांत नव्हे, पण एकसारख्या वाचनांनी भरलेल्या नोंदवह्यांचा गठ्ठा टेबलावर येणे हा अनुभव प्रस्तुत लेखकालाही नवा नाही. वेळेच्या दडपणाखाली त्यांवर स्वाक्षऱ्याही झाल्या आहेत.

साधनांची टंचाई हे याचे एक कारण आहे, तर अंतर्गत गुण न दिल्यास निकाल घसरेल व प्रवेश कमी होतील ही भीती दुसरे. या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. परंतु स्वाक्षरीचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. ‘हा विद्यार्थी हे काम सुरक्षितपणे करू शकतो आणि मी ते पाहिले आहे’, असे ती स्वाक्षरी विद्यार्थ्याला कधीही न भेटलेल्या ग्राहकाला व रुग्णाला सांगत असते. त्यांच्यापाशी पडताळणीचे दुसरे साधन नाही.

८. काही व्यवहार्य उपाय

मोठ्या खर्चाविना करता येण्याजोगे काही बदल पुढीलप्रमाणे सुचविता येतील.

(१) नोंदवहीत ‘पाहिले’, ‘देखरेखीखाली केले’ व ‘स्वतंत्रपणे केले’ असे तीन वेगळे रकाने ठेवावेत. प्रत्येक रकान्यात दिनांक व प्रत्यक्ष पाहणाऱ्याची स्वाक्षरी असावी. ‘पाहिले’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. न केलेले ‘केले’ म्हणून लिहिण्यात धोका आहे.

(२) पुरवठा बंद करून खात्री करण्याचा क्रम, अर्थिंगची तपासणी, छातीदाबन, रुग्णवाहिकेतील साधनांची सत्रारंभीची तपासणी अशी मोजकी कौशल्ये ‘अनिवार्य’ ठरवावीत. त्यांत सरासरी गुणांची सवलत नसावी. जमेपर्यंत पुन्हा संधी मात्र द्यावी.

(३) प्रत्येक सत्रात दोन्ही विभागांचा एक संयुक्त सराव घ्यावा. विद्युत विभागाने पुरवठा तोडून जागा सुरक्षित करावी, परावैद्यकीय विभागाने पुतळ्यावर पुढील उपचार करावेत, नंतर भूमिका बदलाव्यात. दोघांनी परस्परांच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. वीजतंत्र्याने औषधोपचार करावयाचा नाही आणि रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाने वाहिनीला हात लावावयाचा नाही.

(४) कार्यशाळेतील जुने तक्ते काढून सध्याच्या पद्धतीचे मराठी तक्ते लावावेत. ते तयार करण्याचे काम परावैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल.

(५) शिकाऊ उमेदवारीच्या किंवा रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या काळात शिक्षकाने केवळ हजेरीपत्रक न मागविता प्रत्यक्ष भेट द्यावी. विद्यार्थ्याला काम शिकविले जाते की केवळ निरोप्याचे काम दिले जाते, हे तेथेच कळते.

(६) प्रवेशसंख्या ठरविताना वर्गखोलीतील बाकांऐवजी साधनांची व प्रशिक्षित निदेशकांची संख्या आधार मानावी.

९. समारोप

विद्युत तंत्रज्ञान आणि परावैद्यकीय सेवा या अभ्यासक्रमांना ‘दुय्यम’ मानण्याची प्रवृत्ती आपल्या महाविद्यालयांत अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. गुण कमी मिळाले म्हणून या शाखेत आलेला विद्यार्थी, अशी त्याची ओळख करून दिली जाते. वस्तुतः प्रमाणपत्र मिळताच हा विद्यार्थी इतरांच्या घरातील तारांना व इतरांच्या छातीला हात लावणार असतो. इतक्या थेट जबाबदारीची कामे पदवीधरांच्याही वाट्याला क्वचितच येतात.

या अभ्यासक्रमांचे मूल्यमापन निकालाच्या टक्केवारीने व नोकरीच्या आकड्यांनी होत राहील. त्यांत आणखी एका निकषाची भर घालणे प्राध्यापकांच्या हाती आहे. ज्या विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर आपण स्वाक्षरी केली, त्याला आपल्या स्वतःच्या घरातील मीटरपेटी उघडण्यास किंवा आपल्या वडिलांना रुग्णवाहिकेतून नेण्यास आपण निःशंकपणे बोलावू काय, असा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर त्या नोंदवहीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी आणखी एक प्रात्यक्षिक घेणे आवश्यक आहे.